माजघरातली चरकी गेली, तेव्हा काय काय गेलं



परवा तूर खळ्यावरून घरात आली. चौदा पोती. तेव्हापासून घरात रोज रात्री जेवताना एकच विषय आहे: इकायची का डाळ करायची? पोरगी म्हणते, बचत गटातल्या पाच जणी मिळून मिनी डाळ मिल घेऊ, बँकेत विचारून आलो. घरची म्हणते, पोरगी म्हणते तसं करून पाहू. आणि माझी माय, वय पंच्याहत्तरच्या पुढं, भाकर मोडता मोडता म्हणते, "म्या एकदा केली होती डाय. तवा काय झालं थे इचार तुह्या बापाले. पन थो तं गेला."

मायचं काय झालं ते पुढं सांगतो. आज नोंद थोडी लांब होणार आहे, कारण या निमित्तानं मी महिनाभर जुनं वाचत बसलो. तुरीपासून सुरू केलं आणि कापसात जाऊन पोचलो. वऱ्हाडातला माणूस कुठूनही निघाला तरी शेवटी कापसातच पोचतो म्हणा.

वाचायला बसलो त्याचं कारण एका भाषणातलं वाक्य. "शेतकऱ्यानं आता प्रक्रियेकडं वळलं पाहिजे." हे मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे. वळलं पाहिजे म्हणजे आपण आधी कधी त्या वाटेवर नव्हतोच, असा त्याचा सूर असतो. मला तिथंच शंका आली. माझ्या आजीच्या घरात जातं होतं, उखळ होतं, आणि माळ्यावर एक मोडकी चरकी पडलेली मी स्वतः पाहिली आहे. ती चरकी शेवटी चुलीत गेली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापूस रेचायची हातचरकी म्हणजे दोन लाटा, एकमेकीला टेकून उलट्या फिरणाऱ्या. बाई एका हातानं दांडा फिरवी, दुसऱ्या हातानं बोंडातला कापूस लाटांमध्ये सारी. रुई पलीकडं निघायची आणि सरकी अलीकडं पडायची. काम हळू, दिवसभर बसलं तरी थोडंच व्हायचं. पण हिशेब पाहा. आजच्या जिनातही एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, ६२-६३ किलो सरकी, बाकीची घट. म्हणजे आपण ज्याला कापूस म्हणून विकतो त्यातली वजनानं बरीच मोठी बाजू सरकीची असते. चरकी घरात होती तेव्हा ती सरकी घरातच पडायची. बैलाला आंबोण म्हणून जायची, दुभत्या म्हशीला जायची, आणि चांगल्या झाडांची वेगळी ठेवलेली सरकी पुढच्या मिरगाला बियाणं म्हणून वावरात जायची. बाहेर जायची ती रुई. पिंजाऱ्याकडं, सूत कातणाऱ्या बायांकडं, कोष्ट्याकडं, नाहीतर व्यापाऱ्याकडं.

आपल्या अकोटचंच घ्या. जुन्या गॅझेटियरांत अकोट कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जातं, तसंच सुती सतरंज्यांसाठी. आखूड धाग्याचा देशी कापूस, त्याचं जाड सूत, आणि जाड सुताची सतरंजी. तलम कापडाला तो कापूस चालला नसता, पण सतरंजीला हवा तसाच होता. वावर ते सतरंजी हा सगळा प्रवास बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यात. आता अकोटात लग्नाला सतरंज्या अंथरतात त्या कुठून येतात ते तुम्हीच सांगा.

मग हे मोडलं कसं? मला वाटायचं यंत्र आलं आणि हातकाम आपोआप बसलं. तेवढं सरळ नाही.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपली आठवण झाली. भाव चढले. त्या काळात वऱ्हाडातल्या ज्वारीच्या वावरात कापूस शिरला तो शिरलाच. १८६७ मध्ये भुसावळकडून अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा छोटा फाटा झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावची कापूस बाजारपेठ किती मोठी होती ते यावरून समजा. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'उमरा' म्हणत, म्हणजे उमरावतीचा, आपल्या अमरावतीचा.

त्या काळात सरकारनं मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी एक कापूस आयुक्त नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. त्यानं आपल्या लिखाणात जे म्हटलं आहे ते वाचून मी पुस्तक मिटवून जरा बाहेर जाऊन आलो. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: रेल्वेचे फाटे झाले की विलायती कापड इथं इतकं स्वस्त आणता येईल की देशी कापड टिकणार नाही. मग आज जो कापूस इथंच सूत काढण्यात खपतो तो निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मिळतील.

दोन्ही गोष्टी त्यानं एका दमात सांगितल्या आहेत, कापूसही मोकळा होईल आणि माणसंही. यात लपवाछपवी काही नाही, आयुक्तानं आपलं काम चोख केलं. पण मला त्यातून एवढं कळलं की प्रक्रिया आपल्या घरातून आपोआप गेली नाही. ती जावी असं कुणालातरी हवं होतं, आणि त्यासाठी रूळ टाकले गेले.

त्यानंतर वाफेवर चालणारे जिन आणि गठाणी बांधायचे प्रेस आले. खामगाव, अकोला, अमरावती, मग अकोटसारख्या तालुक्याच्या गावीही. अकोटला रेल्वे नव्हती, ती स्वातंत्र्यानंतर आली, तोवर गाड्या अकोल्याला. आजही आपल्याकडं जुन्या माणसाला पत्ता विचारला तर तो अमक्या जिनाजवळ, तमक्या प्रेसच्या मागं असंच सांगतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये आपली पहिली मोठी कापड गिरणी काढली ती मुंबईत नाही, नागपुरात. एम्प्रेस मिल. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दारात, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. पुढं अकोल्यात सावतराम मिल झाली, मोहता मिल झाली. भोंगे वाजायला लागले. १९७४ मध्ये या दोन्ही गिरण्या आजारी म्हणून सरकारनं घेतल्या, आणि आता भोंगाही नाही. तो वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

मला सांगायचं आहे ते शेतकऱ्याच्या घरातलं. जिन आल्यावर शेतकरी कापूस सरकीसकट विकायला लागला. सोपं होतं, पैसा लगेच हातात. घरातल्या बाईचं चरकीवरचं काम वाचलं. ती लगेच दुसऱ्याच्या वावरात किंवा जिनात रोजानं गेली, ते सोडा. पण सरकीही गेली. बैलासाठी पुन्हा सरकी विकत, नंतर ढेप विकत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बियाणं गेलं. जिनात दहा गावांचा कापूस एकत्र रेचला जायचा, त्यातून निघणारी सरकी म्हणजे सगळ्या जातींची मिसळ. तीच पेरणीला परत यायची. कृषी खात्यानंच पुढं लिहून ठेवलं की कापसाच्या जाती बिघडण्याचं एक मोठं कारण जिनातली ही भेसळ आहे.

त्यात भर म्हणजे व्यापारी भाव लावायचा तो रुईच्या उताऱ्यावर. आपल्याकडं लांब धाग्याची जुनी 'बनी' होती, उतारा कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खात्यानं 'रोझियम' पसरवली. धागा आखूड, जाडाभरडा, पण उतारा भरपूर. शेतकऱ्यानं धाग्याकडं न पाहता उताऱ्याकडं पाहिलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पैसा ज्यावर मिळतो तेच माणूस पेरतो. फक्त एवढं लक्षात घ्या की आपल्या वावरात काय पेरायचं हे जिनाच्या दारात ठरायला लागलं. आज आपण सरकीचं पाकीट मोजून विकत आणतो. माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं की सरकी पाकिटात मिळते, अर्धा किलोही नसते आणि दर साली नवीन घ्यावी लागते, तर ती हसली असती.

मध्ये एक प्रयत्न आपल्या शेजारी वर्ध्याला झाला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. जमनालाल बजाजांनी जागा दिली, ती मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा नावाचा हिशेबात पक्का माणूस तिथं बसला. तेलाची घाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ, जात्याचं पीठ यांवर तिथं काम चाललं. ते नुसतं जुनं जपत नव्हते. घाणी सुधारली, तेल जास्त कसं निघेल आणि बैलाला कमी ओढावं कसं लागेल ते पाहिलं. लाकडी घाण्याचं तेल म्हणून आज दुप्पट भावानं बाटली विकत घेणाऱ्यांनी मगनवाडीला एकदा जाऊन यावं.

आता १९७१. महाराष्ट्र सरकारनं कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला. आपण त्याला 'एकाधिकार' म्हणतो, पण कायद्याच्या नावात तीन शब्द आहेत: खरेदी, प्रक्रिया आणि पणन. मधला शब्द पाहा. कल्पना अशी होती की सरकार शेतकऱ्याचा कापूस ठरलेल्या भावानं घेईल, रेचेल, गाठी बांधेल, रुई आणि सरकी विकेल, आणि खर्च वजा जाऊन जे जास्तीचं उरेल त्यातला वाटा शेतकऱ्याला परत मिळेल. १९७२-७३ च्या हंगामापासून ती सुरू झाली. शंभर वर्षांनी सरकी आणि रुईच्या भावाशी शेतकऱ्याचा पुन्हा संबंध जोडला, कागदावर का होईना. अंतिम भावाचा फरक मिळाला त्या साली आमच्या बाबांनी विहिरीवर इंजिन बसवलं, हे घरात अजून सांगतात.

पण कागदावर म्हणालो ते उगाच नाही. मी लहानपणी बाबांबरोबर केंद्रावर गाडीत झोपलो आहे. दोन-दोन रात्री. पुढं गाड्यांची रांग, बैल सोडलेले, थंडी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ग्रेडर काय लावतो. त्यानं मूठभर कापूस उचलून पाहिला की आमचं सालभराचं ठरलं. चुकारा कधी येईल ते कुणी सांगायचं नाही. राज्याबाहेर कापूस न्यायला बंदी, आणि आमच्या इकडं सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिकडं भाव चढला की रात्री काय काय जायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं, चौकीलाही. योजना वेळोवेळी वाढवत, तोट्यात जात, २००० नंतर संपल्यात जमा झाली. मला तिच्यातला दोष एकच वाटतो आणि तो मोठा आहे: प्रक्रिया शेतकऱ्याच्या नावावर झाली, पण त्याच्या नजरेसमोर कधी झाली नाही. आपल्या कापसाचा उतारा किती पडला हे एकाही शेतकऱ्याला कळलं नाही.

आता मायची गोष्ट.

नोव्हेंबर १९९१, शेगाव. शेतकरी संघटनेचा मेळावा. मी चौदा वर्षांचा, ट्रॉलीत बायांच्या गर्दीत बसून गेलो होतो. अकोटहून शेगाव काही फार लांब नाही. तोवर शरद जोशी म्हणजे भाव, भाव आणि भाव. शेतमालाला रास्त भाव द्या, बाकीचं आमचं आम्ही पाहू, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. शेगावला त्यांनी वेगळंच मांडलं. चतुरंग शेती. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. देशात तेव्हा नुकतं खुलं धोरण आलं होतं. सीताशेती म्हणजे बाईच्या नावावर आलेल्या तुकड्यात बाईनं आपल्या पद्धतीनं, विकतच्या खताऔषधाशिवाय करायची शेती. त्याआधी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमीन करायची मोहीम चालवलीच होती. आणि माजघर शेती म्हणजे वावरातला माल तसाच बाजारात न नेता माजघरात त्यावर काम करून मग विकायचा. डाळ, पीठ, मसाला, काय जमेल ते.

शब्द किती बरोबर निवडला होता पाहा. कारखाना नाही, उद्योग नाही, माजघर. जिथून चरकी उठली होती तीच जागा. मला हे तेव्हा कळलं नव्हतं, चौदा वर्षांच्या पोराला मेळाव्यात भेळच आठवते. पण मायच्या डोक्यात ते बसलं.

पुढच्या साली माय आणि गल्लीतल्या चार बाया, पाच जणींनी मिळून सहा क्विंटल तुरीची डाळ केली. भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून. दोन जाती रात्रंदिवस फिरली. तूर घरची दोन क्विंटल, बाकीची उधार. चुरी बरीच पडली. एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं माल घेतो म्हटलं आणि अर्धे पैसे देऊन घेतलाही. उरलेल्या अर्ध्यासाठी बाबा चार खेपा गेले. राहिलेली डाळ घरी होती ती नीट वाळली नव्हती, पावसाळा लागला आणि तिला कीड लागली. भाद्रपदात तूर उधार देणारे दारात आले. मायची एकदाणी मोडली. बाकीच्या चौघींपैकी दोघींनी मायशी बोलणं सोडलं, त्यातली एक अजून बोलत नाही. घर समोरासमोर आहे.

संघटनेनंही मोठ्या पातळीवर शेतकऱ्यांच्या भागभांडवलाची 'शिवार अ‍ॅग्रो' नावाची कंपनी काढली होती, तीही फार पुढं गेली नाही. म्हणून कल्पनाच चुकीची होती असं म्हणणारे भेटतात. मी मायच्या डाळीकडं पाहून वेगळं म्हणतो. डाळ करणं तिला येत होतं. वाळवणं, मोजणं, साठवणं आणि पैसे आल्याशिवाय माल न देणं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांत ते सगळं घराबाहेर गेलं होतं. जातं तेवढं राहिलं होतं.

आता तुरीचा आजचा हिशेब मांडतो, कुणाला चुकीचा वाटला तर सांगा.

केंद्रानं २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल ठेवला आहे. आपलं अकोल्याचं कृषी विद्यापीठ, डॉ. पंजाबराव देशमुख, यांनी काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल बऱ्याच गटांकडं चालते. तिच्यात एक क्विंटल चांगल्या तुरीची ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी, टरफल आणि घट. मी ७२ धरतो. म्हणजे ८००० भागिले ७२, एका किलो डाळीत १११ रुपयांची नुसती तूर गेली. त्यावर दळणावळ, वीज, मजुरी, पिशवी, कर्जाचं व्याज. चुनी म्हशीला किंवा विकायला, ती थोडी कमी करते. याच्या खाली डाळ विकली तर तूर विकलेली बरी. बऱ्याच गटांचं इथंच चुकतं. ते बाजारातल्या डाळीचा भाव आणि तुरीचा भाव यातला फरक पाहतात आणि ७२ विसरतात. मायही विसरली होती, तिचा उतारा तर जात्यावरचा, अजून कमी.

कर्जाचं म्हणाल तर २०२० मध्ये केंद्रानं सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाची योजना काढली, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. पण ते कर्जाशी बांधलेलं आहे. आधी कर्ज, मग अनुदान, हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून. पोरीला हे मी तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या इतिहासात कोणी हप्ता भरला का कधी?" तिला काय सांगू, इतिहासभर आपण हप्ताच भरला.

आपली तूर इथून पंचेचाळीसेक किलोमीटर अकोल्याला जाते, तिथं डाळमिला रांगेनं आहेत, आणि तीच डाळ होऊन अकोटच्या किराण्यात परत येते. मोठ्या मिलचा उतारा आपल्यापेक्षा चांगला, पॉलिश चांगलं, भावात त्यांच्याशी आपण टिकणार नाही. टिकलो तर ओळखीच्या गिऱ्हाईकावर, ज्याला बिनपॉलिशची, कोणत्या वावरातली ते माहीत असलेली डाळ पाहिजे. अशी गिऱ्हाइकं मोजून किती आहेत? पोरीनं वहीत एक्केचाळीस नावं लिहिली आहेत, त्यातले नऊ नातेवाईक. नातेवाईक मी धरत नाही.

तर ठरलं ते असं. चौदातली नऊ पोती इकायची, भावाची फार वाट पाहायची नाही. पाच पोती ठेवायची. मिल लगेच घ्यायची नाही. शेजारच्या गावात एका गटाकडं आहे, तिथं भाड्यानं करून आणायची, या सालापुरती. डाळ विकेल ती रोखीनं, नातेवाइकालासुद्धा. वाळवण गच्चीवर, तीन उन्हं पूर्ण, आणि ते मायच्या देखरेखीखाली. हे शेवटचं पोरीनं सुचवलं. माय आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "दाताखाली कटकन तुटली पाह्यजे. नुसतं हातानं पाहून नाही समजत."

काल सकाळी माय समोरच्या घरी गेली होती. तेहतीस वर्षांनी. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण येताना त्यांच्याकडचं सूप घेऊन आली. आमचं फाटलं आहे.

पहिल्या पोत्याचा उतारा बरोबर किती पडतो ते वजन करून लिहून ठेवतो. तुमच्यापैकी कुणी मिनी मिलवर तूर केली असेल तर तुमचा आकडा खाली टाका, जात आणि ओलावा यासकट.